काळी दोनचा पंचम

९ जून २०२५, सोमवार

आज काकांच्या घरी पहिल्यांदा गेले. सदाशिव पेठ, चिमण्या गणपतीपासून चार मिनिटांवर, दुसरा मजला, लिफ्ट नाही. त्यांचं नाव या नोंदींत नसेल. टेपांवर जे गायले आहेत त्यांच्या घरच्यांची परवानगी येईपर्यंत कुणाचंच नाव कुठे लिहायचं नाही, असं त्यांनी पहिल्या दहा मिनिटांतच सांगितलं. म्हणून नुसतं काका.

मी अकरा वर्षांची असताना बाबा मला रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सवाला घेऊन गेले होते. तेव्हा शेवटची रात्र पहाटेपर्यंत चालायची. बाबांच्या शालीत गुरफटून मी सतरंजीवर झोपले आणि जाग आली ती पेटीने. गाणाऱ्या बाईंनी तान संपवून श्वास घेतला होता. त्या श्वासापुरत्या जागेत पेटीने तानेचं शेवटचं टोक अलगद उचललं आणि परत त्यांच्या हातात दिलं. पेटीवर काका होते. या माणसाला बाई पुढे काय करणार आहेत ते आधीच ठाऊक आहे, एवढंच मला तेव्हा कळलं. प्रेक्षकांतून पाहिलं की पेटी उजवीकडे दिसते, म्हणून तेव्हापासून तीस वर्षं मी उजव्या बाजूची खुर्ची धरत आले. टिळक स्मारक, भरत नाट्य, बालगंधर्व, सगळीकडे. त्यांच्याशी बोलले मात्र कधीच नाही.

आज बोलायचं ठरवून गेले होते. दार उघडून ते म्हणाले, "चपला आत काढ. बाहेर ठेवल्या तर खालचं कुत्रं नेतं." ठरवलेलं सगळं राहून गेलं.

काम असं: पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत ध्वनिफितींचे २३ स्पूल आहेत. १९६३ ते १९७८ या काळातल्या घरगुती बैठका, काही गणेशोत्सवातल्या. मी त्या डिजिटल करायच्या, सोबत प्रत्येक टेपची माहिती काकांकडून लिहून घ्यायची. मानधनाचा विषय मी काढू दिला नाही. काकूंनी थालीपीठ आणि लोणी दिलं.

१२ जून

ट्रंक उघडून मोजदाद. बहुतेक पाच इंची स्पूल, दोन सात इंची. डब्यांवर शाईने लिहिलेलं पुसट झालंय. एकेक स्पूल खिडकीकडे धरून पाहिला. जुन्या ॲसिटेट टेपमधून थोडा उजेड आरपार येतो, पॉलिएस्टरमधून येत नाही. १७ ॲसिटेट, ६ पॉलिएस्टर. चार डब्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास आहे, म्हणजे ॲसिटेटचं विघटन व्हायला लागलंय. ते आधी घ्यायचे. तीन स्पूलांच्या कडेला पांढरी बुरशी. पावसाळा तोंडावर आहे, त्यामुळे सगळे स्पूल हवाबंद डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह कर्वेनगरला माझ्याकडे आणले. काका जिन्यापर्यंत सोडायला आले. ट्रंक रिकामी झाल्यावर तिला कुलूप का लावलं ते मी विचारलं नाही.

१६ जून

चूक झाली, माझी. स्पूल २ लावल्यावर आधी हाताने फिरवून जुने सांधे तपासायला हवे होते. मी सरळ वेगाने गुंडाळायला घेतला. साठ वर्षांपूर्वीच्या चिकटपट्टीचा गोंद वाळून पापुद्रा झालेला, सांधा सुटला आणि टेपचं टोक फडफडत जमिनीवर. काका समोर खुर्चीत बसले होते. मुद्दाम पहिली टेप ऐकायला आले होते, तेही रिक्षाने.

ॲसिटेट तुटतं ते काडीसारखं सरळ तुटतं, ताणलं जात नाही. त्यामुळे जोडता येतं. टोकं जुळवून नवी पट्टी लावली, वर नखाने घासून घेतली. आवाजाचं काहीच गेलं नाही. पण माझे हात थरथरत होते आणि ते त्यांना दिसत होतं. ते म्हणाले, "माझी पण तार सप्तकातली पट्टी एकदा भर बैठकीत खाली बसली ती वर येईना. पुढची दोन तास मी ती नाहीच असं धरून वाजवलं." मग टेप ऐकू लागले.

यापुढचा नियम: प्रत्येक स्पूल आधी हाताने, शेवटपर्यंत.

२० जून

पालख्या पुण्यात. पेठांतले रस्ते बंद, जाणं शक्य नव्हतं. घरी मशीनची हेड्स, म्हणजे टेपवरचा आवाज उचलणारे भाग, साफ केली. काकांचा फोन आला, खिडकीतून टाळ ऐकू येताहेत का म्हणून त्यांनी फोन गॅलरीत धरला.

२६ जून

स्पूल ३, ४, ५ झाले. डिजिटल प्रतीचा दर्जा ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका चॅनेलला तासाला साधारण एक जीबी जागा लागते. टेपा मोनो, म्हणजे एकाच चॅनेलच्या, आहेत हे बरं आहे. प्रत्येक टेपसाठी हेडचा कोन पुन्हा जुळवते. तंबोऱ्याच्या जवारीतली, म्हणजे तारांच्या गुंजनातली, वरची झिलई स्वच्छ झाली की कोन बरोबर.

स्पूल ४ वर छाप उतरली आहे. टेप वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यात पुसटसा उमटतो. त्यामुळे गाणाऱ्या बाई षड्ज लावण्याआधी सव्वा सेकंद त्या षड्जाची सावली ऐकू येते. मी काकांना सांगितलं की हे काही अंशी काढता येईल. ते म्हणाले, "राहू दे. तिचा षड्ज लागायच्या आधीच ऐकू यायचा, खरंच."

आज त्यांना विचारलं की या टेपांना इतकं जपलं का. उत्तर मला अंदाजाने माहीत होतं, त्यांच्याकडून ऐकायचं होतं. रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत होती. पेटी परदेशी, तिचे सूर जागच्या जागी खिळलेले, तिच्यात मींड म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं नाही, श्रुती म्हणजे सुरांमधले बारीक सूर नाहीत, असं म्हणणं. रवींद्रनाथ ठाकुरांसारखी माणसंही पेटीच्या विरोधात होती. बंदी उठली तीही आधी साथीपुरतीच. काकांचा जन्म १९४१ चा. म्हणजे ऐन उमेदीची वर्षं या बंदीत गेली. पुण्याचं आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं आणि काका तिथे १९६० नंतर पुष्कळदा गेले. पण ज्या गायिकेबरोबर गावोगाव पेटीवर बसायचे, तिच्याच मागे स्टुडिओत तंबोरा घेऊन बसले. समोर सारंगी.

"वाईट वाटायचं?" मी विचारलं.

"तंबोरा धरून एक कळलं. पेटी नसली की बाई थोड्या वेगळ्या गायच्या. गांधार खाली घ्यायच्या." इथे ते थांबले. "मला वाटायचं, माझ्यासाठी त्या बैठकीत तडजोड करतात की काय."

म्हणजे १९७१ पूर्वीचे काका फक्त या ट्रंकेत आहेत.

३ जुलै

स्पूल ७. डब्यावर: 'शनिवार पेठ, गणपती १९७४, दरबारी.' पाच इंची, ९०० फुटांची टेप, सेकंदाला पावणेचार इंच वेग, एका बाजूला ४८ मिनिटं. गायिका तीच. आजवरच्या सगळ्या टेपांत हिचं गाणं सर्वांत मोठं. पण टेपमध्ये गडबड आहे. सुरुवातीला सगळं ठीक, आणि पंचविसाव्या मिनिटानंतर सूर हळूहळू वर सरकतो. इतका हळू की ऐकताना कळत नाही, फक्त मन अस्वस्थ होतं. शेवटी बाईंचा आवाज पातळ, लहान मुलीसारखा. तबल्याची चाट कडक.

मशीन तपासलं, दुसरी टेप लावून पाहिली. मशीन ठीक आहे. टेपच तशी आहे.

४ जुलै

काकांना फोनवर शेवटची दोन मिनिटं ऐकवली. फोनवर, त्या आवाजात, त्यांनी लगेच सांगितलं: "बाई काळी चारला गायच्या. ही पांढरी सहा झाली आहे." म्हणजे षड्ज पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवरून शेजारच्या, वरच्या पांढऱ्या पट्टीवर सरकला होता.

मग आठवून आठवून म्हणाले, "दिवे गेले होते त्या दिवशी."

बरोबर. टेपवर बावीस मिनिटांनी कुणीतरी "बत्ती आणा" म्हणतं, ते मी आधीही ऐकलं होतं पण संबंध लावला नव्हता. रेकॉर्डर काकांच्या एका मित्राचा, विजेवर आणि सेलवर दोन्ही चालणारा. वीज गेली तशी त्याने सेलवर घेतला. सेल उतरत गेले तशी मोटर मंदावत गेली. टेप हळू फिरताना भरली गेली, म्हणून आता योग्य वेगाने वाजवली की सूर चढतो. गाणं चढलेलं नाही, सेल उतरले आहेत.

वेग परत खाली आणायचा तर प्रत्येक क्षणी मूळ सूर कुठे होता हे ठाऊक हवं. तंबोरे गाणं चालू असतानाही उतरतात, चढतात, माणूस तर असतोच सुरात हलणारा. पण एक वाद्य असं आहे की त्याचे सूर खिळलेले आहेत. पन्नास वर्षांत ते हललेलं नाही आणि सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर कापडाखाली ठेवलेलं आहे.

फोन ठेवून मी काही वेळ नुसती बसून राहिले. ज्या कारणासाठी पेटीला स्टुडिओच्या बाहेर ठेवलं, नेमकं तेच आज हवं होतं.

८ जुलै

पेटीची मोजणी. हा दिवस जसाच्या तसा लिहून ठेवते.

सागवानी पेटी, साडेतीन सप्तकं, ४२ पट्ट्या, खर्ज-नर असे दोन संच, जर्मन सूर, म्हणजे आत कंप पावून वाजणाऱ्या पितळी पट्ट्या. भात्याच्या कापडाला एका घडीत चीर गेलीय, तिथे काकूंनी जुन्या छत्रीच्या कापडाचं ठिगळ चिकटवलंय. वरचं झाकण काढलं तेव्हा धूळ, लवंगा आणि जुन्या लाखेचा वास आला. लवंगा काका कसरीसाठी ठेवतात.

मी सरळ काळी चारपासून मोजायला निघाले. बाईंचा षड्ज तो, पेटी सर्वांत जास्त त्यावरच थांबणार. काकांनी हात धरला. "तो नको. तो सूर माझा नाही." झाकणाखाली बोट घालून दाखवलं: सगळ्या पितळी पट्ट्या काळपट, आणि मध्य सप्तकातल्या काळी चारची एकच पिवळी, चकचकीत. १९९१ मध्ये तुटला म्हणून बदललेला. त्याच्या खर्जातला जोडीदारही त्यानंतर घासून नव्या सुराशी जुळवलेला. मला हे स्वतःहून कधीच कळलं नसतं आणि सगळी दुरुस्ती चुकीच्या षड्जावर उभी राहिली असती.

मग कोणते सूर विश्वासाचे? त्यांनी खिशातली छोटी डायरी काढली. कुठल्या वर्षी कुणी कुठला सूर घासला याच्या नोंदी तिच्यात आहेत. सुराच्या टोकाला घासलं की तो चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि प्रत्येक घासणी त्यांनी लिहून ठेवलीय. षड्ज काळी चार, म्हणून मध्यम येतो काळी एकवर आणि पंचम काळी दोनवर. हे दोन १९७४ नंतर कुणीही हात न लावलेले.

काकांचा डावा खांदा आता वर होत नाही. म्हणून भाता मी घेतला आणि पट्टी त्यांनी दाबली. दहा सेकंद एक सूर, सरळ, ना चढ ना उतार. मला जमेना. मी भाता ओढत होते आणि दाब वाढला की आवाज फुगत होता, सूर मोजायच्या अॅपवरचा काटाही एक-दोन सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) हलत होता. "ओढू नकोस. दाबूही नकोस. तो स्वतः मिटतो, त्याला फक्त घाई करू देऊ नकोस." तळव्याखाली भात्याचं लाकूड कोमट होतं. चौथ्या खेपेला जमलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि एका बोटाने काळी दोन धरून ठेवली होती, सांधे सुजलेल्या बोटाने, आणि आम्ही दोघं मिळून एक पंचम लावत होतो. तीस वर्षं मी खुर्चीवरून पाहिलेला हात माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता.

४२ च्या ४२ पट्ट्या घेतल्या, खर्ज आणि नर वेगवेगळे. साडेतीन तास लागले.

आकडे: ४४० च्या, म्हणजे आजच्या प्रमाण सुराच्या, हिशेबाने काळी दोनचा पंचम ११ सेंट खाली, काळी एकचा मध्यम ७ सेंट खाली.

१० जुलै

गुरुपौर्णिमा. काम नाही. जिन्यात चपलांना जागा नव्हती. पेढे ठेवून नमस्कार करून आले.

१९ जुलै

दहा दिवस हेच. टेपवर पेटी एकटी किंवा जवळजवळ एकटी पंचमावर किंवा मध्यमावर थांबलेली आहे अशा जागा शोधायच्या, तिथे सूर मोजायचा. पूर्ण बाजूत ४१ जागा मिळाल्या. मला शंभरतरी मिळतील असं वाटलं होतं.

पहिल्या २२ मिनिटांत, वीज असताना, पंचम ८ सेंट खाली भरतो. आजच्या पेटीपेक्षा फक्त ३ सेंटचा फरक, पन्नास वर्षांच्या धुळीचा म्हणायला हरकत नाही. म्हणजे आजची पेटी त्या दिवशीची साक्ष देऊ शकते. नंतर मोजलेल्या सुराचा वक्र चढत जातो, आधी मंद, शेवटच्या आठ मिनिटांत झपाट्याने. शेवटी पंचम ११८ सेंट वर, पांढरी तीनच्याही किंचित पुढे. वेगात मोजलं तर सात टक्के. त्या वक्राच्या उलट वेग बदलत सगळी बाजू पुन्हा चालवली. लांबी सुमारे ५० सेकंदांनी वाढली. म्हणजे इतकी वर्षं त्या बैठकीतली ५० सेकंदं टेपमध्ये आकसून बसली होती.

२२ जुलै

दुरुस्त केलेला स्पूल ७ काकांना ऐकवला. स्पीकर घेऊन गेले होते, हेडफोन त्यांना आवडत नाहीत. काकू कणीक मळता मळता दारात येऊन उभ्या राहिल्या.

बत्ती आणा म्हणेपर्यंत ते स्वस्थ होते. त्यानंतरचा भाग, जो चढत जायचा, तो आता आपल्या जागी होता. बाईंचा आवाज खाली बसला होता, रुंद झाला होता, खर्जात तर जमिनीला टेकला होता. काकांनी मान वळवली. समोर स्पीकरकडे नाही, आपल्या उजव्या बाजूला, जिथे फक्त कपाट होतं. बैठकीत गाणारी व्यक्ती पेटीवाल्याच्या उजव्या हाताला बसते. बाजू संपेपर्यंत ते तिकडेच पाहत होते.

काकूंनी कणकेचा हात पदराला पुसला आणि आत गेल्या. मी आज आणखी काही विचारलं नाही.

१ ऑगस्ट

या नोंदीत वाद आहे, तोही लिहायला हवा.

शनिवार पेठेतल्या त्या बैठकीत मायक्रोफोन पेटीच्या फार जवळ होता. काकांना ते पहिल्यापासून खुपतंय: "मी बाईंवर चढून वाजवतोय असं ऐकणाऱ्याला वाटेल." आवाज वेगवेगळे काढणारी सॉफ्टवेअर आता मिळतात, त्यातल्या एकावर मी गाणं, पेटी आणि तबला वेगळे करून पाहिले. हेतू हा की पेटी थोडी कमी करून पुन्हा मिसळावी. निकाल वाईट. जिथे पेटी बाईंच्या स्वराला लागून आहे तिथे त्यांच्या आवाजाचा काठ खरवडला जातो, श्वास तर नाहीसेच होतात. मिश्रणाचा विचार सोडला. पण नुसती पेटी ऐकायला मिळाली होती आणि ती मी काकांकडे घेऊन गेले. मला वाटलं, साठ वर्षं साथ करणाऱ्या माणसाला स्वतःला एकटं ऐकायला आवडेल.

ते ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "मध्येमध्ये आवाज जातोय. हा टेपचा दोष?"

"नाही काका. तिथे तुम्ही वाजवलंच नाही."

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. पेटी चालतेय, मग काहीच नाही, चार सेकंद, सहा सेकंद, मग मध्यमावर हळूच परत. मी मोजलं होतं: वीज गेल्यानंतरच्या सव्वीस मिनिटांत सात मिनिटं पेटी पूर्ण गप्प आहे. आणि त्या सगळ्या जागा एकाच कारणाच्या होत्या. बाई गांधारावर होत्या.

दरबारीचा गांधार कोमल, पण पट्टीवरच्या कोमल गांधाराहून खाली. शिवाय तो उभा राहत नाही, सावकाश झुलतो. पेटीची पट्टी दाबली की सूर सरळ उभा राहतो. काकांनी हात गुडघ्यावर ठेवून दाखवलं: बाई मध्यमावरून गांधारात उतरल्या की त्यांची बोटं वर उचललेली, भाता थांबलेला, आणि बाई रिषभावर आल्या की ते पुन्हा तिथे. "तो गांधार माझ्याकडे नाही. नाही तर नाही. तो त्यांचा आहे, तेवढा वेळ आपण ऐकायचं."

म्हणूनच मला शंभराऐवजी ४१ जागा मिळाल्या होत्या.

आणि जूनमध्ये ते म्हणाले होते, बाई माझ्यासाठी तडजोड करतात की काय. तो प्रश्न त्यांनी बारा-पंधरा वर्षं सोबत वागवून १९७४ पर्यंत असा सोडवला होता. मी लहानपणापासून त्यांच्यावर जीव टाकला तो त्यांनी वाजवलेल्या जागांसाठी. या सात मिनिटांत मी त्यांना कधी ऐकलंच नव्हतं.

वाद त्यानंतर. माझं म्हणणं होतं की ही एकट्या पेटीची फाइल संग्रहात ठेवावी. साथ शिकणाऱ्या मुलामुलींना हे सोनं आहे, कुठे वाजवायचं नाही ते डोळ्यांना दिसेल इतकं स्पष्ट आहे. काकांनी नाही म्हटलं. "बाई नाहीत आणि मी वाजवतोय. कुणाला वाजवतोय? हे काढून टाक." मी म्हटलं की हे चूक आहे, काका. त्यांना नाही म्हणण्याची माझी पहिली वेळ. ते रागावले नाहीत, पण बदललेही नाहीत. निघताना म्हणाले, "तुला शिकवायचंय ना मुलांना? मग मला विचार. मी बसतो."

घरी येऊन फाइल पुसली. अजूनही मला वाटतं की ठेवायला हवी होती. पण ती बोटं त्यांची आहेत.

१३ ऑगस्ट

काका बसले. दोन तास चाळीस मिनिटं रेकॉर्ड केलं. स्पूल ७ सुरू, आणि जिथे पेटी थांबते तिथे मी टेप थांबवायची, त्यांनी सांगायचं. थोडं टिपून ठेवते, बाकी फाइलमध्ये आहे.

भूप, यमन अशा रागांत गांधार शुद्ध, पण पेटीचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. सगळ्या पट्ट्या सारख्या अंतरावर लावल्या की हे येतंच. गाणारा त्या गांधारावर लांब थांबला तर पेटीने त्याच्याबरोबर थांबायचं नाही. भाता हलका करून षड्ज किंवा पंचम धरायचा, गांधाराला फक्त स्पर्श. तानेत मात्र काही कळत नाही, तिथे बिनधास्त जायचं. तोडीत दरबारीपेक्षाही सावध. ठुमरीत उलट, तिथे पेटीने थोडं बोलावं, बाईंनाही ते हवं असायचं.

अप्पा जळगावकर आणि गोविंदराव पटवर्धन या पेटीवादकांना समोर बसून ऐकल्याचं पुष्कळ बोलले. ते सगळं वेगळं उतरवायचं आहे.

शेवटी मी तंबोऱ्याचं ॲप लावलं, काळी चार, आणि म्हटलं की काका, मी गुणगुणते, तुम्ही साथ करा. मला गाता येत नाही, शाळेत प्रवेशिकेपर्यंत शिकले तेवढंच. भाता काकूंनी घेतला. मी यमनचा आलाप चार-पाच मिनिटं केला असेल. निषादावर माझा सूर खाली होता आणि ते मला कळतही होतं. पेटी तिथे आली नाही. मी षड्जावर पोचले तेव्हा ती तिथे आधीच होती.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. पेठांत दहा दिवस ढोलताशे, रेकॉर्डिंग अशक्य. स्पूल १५ ते १९ घरी पूर्ण. त्यात स्पूल १६ चं व्हिनेगर फार पुढे गेलंय, टेप वाकडी झाली आहे, कडा हेडला टेकत नाही. दोन वेळा चालवून जे चांगलं ते जोडलं. शेवटची सहा मिनिटं गेली.

१५ सप्टेंबर

२३ पैकी २३ झाले. गायिकेच्या मुलीची परवानगी आली, पत्राने, स्वहस्ताक्षरात. आणखी दोन घरांची बाकी. तोवर तीन प्रती: एक माझ्याकडे, एक काकांकडे, एक सातारला काकांच्या भाच्याकडे.

एवढे दिवस पेटी दुरुस्तीला दिली नव्हती. फाटका भाता घेऊन ती तशीच होती, कारण आणखी कुठल्या टेपला तिची साक्ष लागेल सांगता येत नव्हतं. स्पूल ११ ला लागलीच. आता मोकळी.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. पेटी आज दुरुस्तीला गेली. नवा भाता, धूळ काढणं, सगळे सूर ४४० ला पुन्हा लावणं. दसऱ्याला पूजेला घरात हवी, या अटीवर.

२ ऑक्टोबर

दसरा. पाटावर पेटी, झेंडूची माळ, आपट्याची पानं, शेजारी काकूंचं शिलाई मशीन. भाता नवा, काळाभोर, छत्रीचं ठिगळ गेलं. पूजा झाल्यावर काकांनी विचारलं, "जुना पंचम आहे ना तुझ्याकडे?"

लॅपटॉप आणलाच होता. ८ जुलैची फाइल लावली, काळी दोन, तो कोमट लाकडाचा सूर. काकूंनी भाता घेतला आणि काकांनी दुरुस्त होऊन आलेल्या पेटीवर तीच पट्टी दाबली. दोन्ही एकत्र वाजू लागले तशी, सूर किंचित वेगळे म्हणून, खोलीत लाट उठली, सावकाश, मोजता येईल अशी. काकांनी डोळे मिटले आणि दुसऱ्या हाताने मांडीवर लाटा मोजल्या.

"सेकंदाला दोन," ते म्हणाले.

मी हिशेब करून पाहिला. अकरा सेंट. दोन.